संयोगचिन्हानंतरचे नाव

वर्तमानपत्राचे क्रीडापान आपण सारेच वाचतो. कोणी वाचनाला सुरुवातच त्या पानापासून करतो, कोणी क्रिकेटचा धावफलक पाहून पान उलटतो. त्या पानावर कधी टेनिसच्या दुहेरी सामन्याची बातमी असली, तर तिच्यात दोन नावांच्या मध्ये एक लहानशी आडवी रेघ असते. व्याकरणात तिला संयोगचिन्ह म्हणतात. माझा प्रश्न साधा आहे. त्या रेघेनंतर येणारे नाव आपल्यापैकी कितीजणांच्या लक्षात राहते? आणि ज्याचे ते नाव, तो माणूस पुढे खेळ सोडून मुलांना शिकवू लागला, तर त्याची आठवण कोणाला राहते?

घाटाखालच्या एका खेड्यातून, कापूस आणि सोयाबीन पिकवणाऱ्या घरातून आलेल्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याने टेनिसवर लिहावे, याचे काहींना हसू येईल. रॅकेट परवडत नाही, खेळायला कोर्ट नाही, मग हा उपद्व्याप कशाला? पण माझे म्हणणे रॅकेटविषयी नाहीच. ते जोडीदाराविषयी आहे. दुसऱ्याच्या जोडीने खेळलेला माणूस पुढे दुसऱ्याला घडवणारा माणूस कसा होतो, आणि समाज त्याला काय किंमत देतो, याविषयी आहे. टेनिसमध्ये ही गोष्ट स्वच्छ दिसते म्हणून टेनिसचे उदाहरण घेतले, इतकेच.

उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. १९९४ साली जपानमधील हिरोशिमा येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. त्यात पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक भारताने जिंकले. जोडी होती लिअँडर पेस-गौरव नाटेकर. पेस हे नाव आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याने एकेरीचे कांस्यपदक मिळवले, पुढे दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून अठरा ग्रँड स्लॅम विजेतेपदे जिंकली. ते सारे त्याने कष्टाने मिळवले, त्याचे श्रेय त्याला आहेच. पण हिरोशिमाचे ते सुवर्ण एकट्याचे नव्हते. रेघेनंतरचे नाव गौरव नाटेकरांचे होते.

या नावामागे एक घराणे आहे. गौरव हे नंदू नाटेकरांचे चिरंजीव. नंदू नाटेकर मूळचे सांगलीचे. तरुणपणी ते टेनिस खेळत. कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्यांना रामनाथन कृष्णन यांनी हरवले, आणि नंतर ते बॅडमिंटनकडे वळले. १९५६ साली मलायातील सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच मानकऱ्यांत ते होते. बापाने सोडलेला खेळ पोराने उचलला आणि आशियाई सुवर्णापर्यंत नेला. खेळणे थांबल्यावर गौरव नाटेकर मुलांना खेळ शिकवण्याच्या आणि क्रीडासंस्था उभारण्याच्या कामाला लागले. बातमीच्या दृष्टीने इथे गोष्ट संपते. माझ्या दृष्टीने इथून ती सुरू होते.

आम्हां मराठीच्या विद्यार्थ्यांना समास शिकवला जातो. द्वंद्व समासात दोन्ही पदे सारखीच महत्त्वाची असतात. ‘आईबाप’ म्हटले की आई मोठी की बाप मोठा, हा प्रश्नच उद्भवत नाही. ‘पेस-नाटेकर’ हा खरा द्वंद्व समास. परंतु आपण वाचक त्याचा अव्ययीभाव करून टाकतो, म्हणजे पहिले पद प्रधान आणि दुसरे नुसते जोडलेले. अमेरिकेच्या जॉन मॅकेन्रोचा जोडीदार पीटर फ्लेमिंग होता. जगातील सर्वोत्तम जोडी कोणती, या प्रश्नावर ‘मॅकेन्रो आणि दुसरा कोणीही’ असे उत्तर खुद्द फ्लेमिंगनेच दिल्याचे सांगतात. लोक हा विनोद म्हणून सांगतात. मला त्यात विनोदापेक्षा दुसऱ्या नावाचे दुःख अधिक दिसते.

वास्तविक दुहेरीचा खेळ काय असतो? टेनिसचे मैदान अठ्ठ्याहत्तर फूट लांब. एकेरीसाठी रुंदी सत्तावीस फूट, आणि दुहेरीसाठी दोन्ही बाजूंच्या साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या धरून छत्तीस फूट. बघणाऱ्याला वाटते, दोघेजण आहेत म्हणजे काम निम्मे झाले. खरे पाहता काम वेगळेच होते. एकेरीत खेळाडूने चेंडू पाहावा आणि समोरचा प्रतिस्पर्धी पाहावा. दुहेरीत याशिवाय तिसरी एक नजर लागते, आणि ती जोडीदारावर ठेवावी लागते. तो पुढे सरकला तर मागची जागा कोणी राखायची? त्याची सर्व्हिस आज पडत नसेल तर जाळ्याजवळ उभे राहून त्याचा भार हलका कसा करायचा? त्याने सोपा चेंडू दवडला तर कपाळाला आठी न घालता पुढच्या गुणासाठी त्याला उभे कसे करायचे? सर्व्हिसपूर्वी जाळ्याजवळचा खेळाडू पाठीमागे हात धरून बोटांनी खुणा करतो, हे आपण चित्रवाणीवर पाहिले असेल. सर्व्हिस कुठे करायची आणि आपण कोणीकडे झेपावणार, हे ती खूण सांगते. ती प्रतिस्पर्ध्याला दिसत नाही आणि धावफलकावरही उमटत नाही.

आता मला सांगा, प्रशिक्षक तरी याहून निराळे काय करतो? त्याची नजर दुसऱ्याच्या पावलांवर, दुसऱ्याच्या मनगटावर, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर असते. दुसऱ्याने मोकळी सोडलेली जागा तो आधी हेरतो. त्याचीही खूण पाठीमागच्या हाताची, धावफलकावर न येणारी. म्हणून माझे मत असे की, दुहेरीचा खेळाडू निवृत्त होऊन प्रशिक्षक होतो तेव्हा तो आपला धंदा बदलत नाही. तो जाळ्याच्या आतून बाहेर येतो, एवढेच. दुसऱ्याचा खेळ आपला मानण्याची विद्या त्याने आधीच घेतलेली असते.

या विद्येचे मोल पैशात किती? २०२४ च्या विम्बल्डनचे आकडे पाहा. एकेरीच्या विजेत्याला सत्तावीस लाख पौंड, आणि दुहेरीच्या विजेत्या जोडीला, दोघांत मिळून, साडेसहा लाख पौंड. म्हणजे माणशी सव्वातीन लाख. एकेरीच्या विजेत्याच्या आठव्या हिश्शाइतकेही ते भरत नाहीत. आकडे आपल्यासाठी डोळे दिपवणारेच आहेत, पण प्रमाण काय ते कळते. आणि शिखरावर प्रमाण असे, तर पायथ्याशी गावोगाव फिरून छोट्या स्पर्धा खेळणाऱ्या दुहेरीपटूच्या हाती काय पडत असेल, याची कल्पना करावी. म्हणून पुष्कळांना शिकवणे हा उपजीविकेचाही मार्ग असतो. त्यात कमीपणा कसला? आपल्या प्राध्यापकांनाही पगार मिळतो. म्हणून त्यांचे शिकवणे खोटे ठरत नाही.

दुसरे उदाहरण नंदन बाळ यांचे. १९८० च्या दशकाच्या आरंभी ते डेव्हिस चषकात भारतातर्फे खेळले. पुढे त्यांनी पुण्यात मुलांना शिकवले आणि भारताच्या डेव्हिस चषक संघाचे प्रशिक्षकपद सांभाळले. २०१० च्या सप्टेंबरात चेन्नईला भारत विरुद्ध ब्राझील अशी लढत झाली, तेव्हा संघाचे प्रशिक्षक तेच होते. त्या वेळच्या नियमानुसार चार एकेरी आणि मधल्या दिवशी एक दुहेरी असे पाच सामने होत. पहिल्या दिवशी रोहन बोपण्णा आणि सोमदेव देववर्मन दोघेही पाच-पाच सेट झुंजून हरले. ब्राझील दोन, भारत शून्य. आणखी एक हार म्हणजे सारे संपले. दुसऱ्या दिवशी पेस आणि महेश भूपती ही जोडी उतरली आणि तिने सरळ तीन सेटमध्ये सामना काढला. तिसऱ्या दिवशी सोमदेव जिंकला, बोपण्णा जिंकला, आणि भारताने तीन-दोन अशी लढत खेचून आणली.

या लढतीत मला दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, पाचांपैकी एकच सामना दुहेरीचा, पण तो मधला होता. विहिरीच्या कमानीत मधला दगड जसा दोन्ही बाजूंना धरून ठेवतो, तसा त्याने आदला दिवस आणि पुढचा दिवस धरून ठेवला. दुसरी गोष्ट अशी की, पहिल्या दिवशी पाच-पाच सेट झुंजून हरलेल्या पोरांना दोन रात्रींत पुन्हा उभे करणारे हात कोणाचे तरी असतात. कर्णधार एस. पी. मिश्रा आणि प्रशिक्षक बाळ यांच्यासारख्यांचे ते काम. त्या कामाला गुण मिळत नाहीत. २०२० साली नंदन बाळ यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. खेळून देशाचे नाव केलेल्या आणि निवृत्तीनंतरही खेळाची सेवा करत राहिलेल्या माणसांसाठी तो पुरस्कार होता. म्हणजे आयुष्याचे दोन्ही भाग एकत्र मोजणारा. मला ही मोजणी फार योग्य वाटते.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. ऑस्ट्रेलियात टोनी रोश नावाचा खेळाडू होऊन गेला. टारकटा नावाच्या आडवळणाच्या छोट्या गावात तो वाढला. जॉन न्यूकॉम्बच्या जोडीने त्याने बारा ग्रँड स्लॅम दुहेरी विजेतेपदे जिंकली, त्यांत पाच विम्बल्डनची. नंतर तो प्रशिक्षक झाला, आणि त्याच्या हाताखाली कोण कोण खेळले पाहा : इव्हान लेंडल, पॅट राफ्टर, रॉजर फेडरर, लेटन ह्युइट. लेंडलला विम्बल्डनचे हिरवळीवरचे विजेतेपद हवे होते. रोशने त्यासाठी वर्षानुवर्षे त्याच्यावर मेहनत घेतली. लेंडल १९८६ आणि १९८७ साली अंतिम फेरीत पोचला, दोन्ही वेळा हरला आणि विम्बल्डन त्याला कधीच मिळाले नाही. प्रशिक्षकाचे नशीब असेही असते. दुसऱ्याच्या पराभवात त्याला पुरा वाटा मिळतो, आणि विजयात मात्र टाळ्यांपुरता.

माझे वडील शाळेत चौथीपर्यंत गेले. टेनिस त्यांनी पाहिलेले नाही. पण मी हे सारे त्यांना सांगितले तेव्हा त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर कळले. आमच्याकडे नवा गोऱ्हा कामाला लावायचा असला, की त्याला दुसऱ्या गोऱ्ह्याबरोबर जुंपत नाहीत, मुरलेल्या बैलाबरोबर जुंपतात. जुना बैल तास सोडत नाही, वळणावर आपोआप वळतो, आणि जू एकच असल्यामुळे गोऱ्ह्यालाही वळावे लागते. वडील म्हणाले, ‘‘गोऱ्ह्याले मानूस नाई शिकवत पोरा, त्याले जोडीचा बैल शिकवते.’’ क्रीडाशास्त्राच्या पुस्तकात याहून वेगळे काही लिहिलेले असेल असे मला वाटत नाही. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्ण आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले हिने रोहन बोपण्णाच्या जोडीने जिंकले. ती सत्तावीस वर्षांची, तो त्रेचाळीस वर्षांचा. पहिला सेट दोन-सहा असा हरून त्यांनी पुढचा सामना फिरवला. तो निकाल वाचताना मला वडिलांचे वाक्य आठवले.

यावर आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा की, चांगला खेळाडू चांगला शिक्षक होतोच असे नाही. हे खरे आहे. सगळेच बैल काही शिकवत नाहीत, एखादा जोडीदाराला शिंगेही मारतो. म्हणून शिकवण्याचेही शिक्षण हवे. आपल्या विदर्भात ते आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हेच काम करत आले आहे. दुसरा आक्षेप पोटाचा. ‘‘खेळ शिकवून घर चालते काय?’’ हा प्रश्न आमच्या घरी मला विचारला जातो आणि तुमच्याही घरी विचारला जात असेल. तो चुकीचा नाही. तासिकेवर, कंत्राटावर राबणारे क्रीडाशिक्षक आपण पाहतो. परंतु या प्रश्नाचे उत्तर ‘म्हणून शिकवू नका’ हे नव्हे. ‘शिकवणाऱ्याचे मोल वाढवा’ हे त्याचे उत्तर आहे. जो समाज विजेत्याला हार घालतो आणि त्याला घडवणाऱ्याला मंडपात मागच्या खुर्चीवर बसवतो, त्याला पुढचा विजेता कुठून मिळणार?

आपल्याकडे उत्तम प्रशिक्षकाला द्रोणाचार्यांच्या नावाने पुरस्कार देतात. द्रोणाचार्यांचे नाव निघाले की आमच्यासारख्यांना एकलव्य आठवतो. त्याची गोष्ट आम्हांला शाळेपासून मोठ्या कौतुकाने सांगतात : बघा, गुरूवाचून शिकला! घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलाला या कौतुकाची धास्ती वाटते. प्रवेशाचा अर्ज कसा भरायचा, शिष्यवृत्ती कोणाकडे मागायची, कोणता विषय घेतला तर पुढे काय होते, हे सांगणारे घरात कोणी नसले म्हणजे काय होते ते आम्ही जाणतो. एकटे शिकता येते, पण एकट्याने शिकण्यात अर्धे आयुष्य वाट शोधण्यातच जाते. एकलव्याचे कौतुक पुष्कळ झाले. यापुढे कोणाला एकलव्य व्हावेच लागू नये, अशी व्यवस्था आपण केली पाहिजे.

ती होऊ शकते, याला आपला जिल्हाच साक्षी आहे. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात कंपाउंड तिरंदाजीच्या अंतिम सामन्यात जगातील अव्वल तिरंदाज माइक श्लोसर याला १४९ विरुद्ध १४८ असे एका गुणाने हरवले. त्याच वर्षी हांगझोऊला अभिषेक वर्मा आणि ओजस देवतळे यांच्यासह त्याने सांघिक सुवर्णपदक जिंकले. जिल्ह्यात फलक लागले, फटाके वाजले. ते लागलेच पाहिजेत. पण बुलढाण्याच्या मैदानावर पोरांच्या हातात धनुष्य देऊन त्यांना उभे करणारे चंद्रकांत इलग यांचे नाव किती फलकांवर होते? ना आलिशान संकुल, ना महानगर. आधी स्वतः केलेली गोष्ट दुसऱ्याला नीट सांगणारा एक माणूस होता, आणि आपल्यासारख्या जिल्ह्यातून जगज्जेत्याला हरवणारा पोरगा निघाला.

याउलट चित्रही आपल्या डोळ्यांसमोर आहे. दरवर्षी आपल्या महाविद्यालयातून कबड्डीचे, खोखोचे, कुस्तीचे चांगले खेळाडू बाहेर पडतात. विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळलेला मुलगा पदवी घेतो आणि पोलीस भरतीच्या तयारीला लागतो. भरती झाली नाही तर पुण्याकडे कंपनीत जातो. त्याने कबड्डीच्या साखळीत जोडीदाराचा हात कधी सोडायचा आणि कधी घट्ट धरायचा, हे पाच वर्षे धडपडून शिकलेले असते. ते सारे त्याच्याबरोबर एस. टी.त बसून निघून जाते. पुढच्या वर्षीची मुले पुन्हा पहिल्यापासून धडपडतात. आपण मैदान नाही म्हणून रडतो. मैदान नाही हे खरेच आहे, पण आपल्याकडे जे आहे तेही आपण राखत नाही.

म्हणून माझी सूचना लहानशी आहे आणि तिला फारसा खर्च नाही. आपल्या महाविद्यालयाच्या संघातील शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक खेळाडूने आठवड्यातून दोन संध्याकाळी आपल्या गावच्या किंवा जवळच्या शाळेच्या मुलांना शिकवावे. महाविद्यालयाने त्याची नोंद ठेवावी, आणि स्नेहसंमेलनात जसा उत्कृष्ट खेळाडूचा गौरव होतो तसा उत्कृष्ट शिकवणाऱ्याचाही करावा. जिंकलेल्या संघाचे छायाचित्र या वार्षिकात छापताना, त्या मुलांना पहिल्यांदा मैदानावर कोणी नेले, त्याचे नाव खाली छापावे. गावचा एखादा जुना मल्ल असेल, शाळेतला शिपाई असेल किंवा थोरली बहीण असेल. नाव छापायला शाई किती लागते?

शेवटी पुन्हा समासाकडे येतो. बहुव्रीही समासात दोन्ही पदे गौण असतात आणि त्यांतून तिसऱ्याच कशाचा तरी बोध होतो. गुरू आणि शिष्य यांचा समास सोडवायचा तर माझ्या मते तो बहुव्रीही निघेल. द्रोण मोठा की अर्जुन मोठा, हा वाद तिथे नसतो. दोघांपलीकडची विद्या तेवढी मोठी, आणि ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली तरच जिवंत राहते. गौरव नाटेकर आणि नंदन बाळ यांच्यासारखी माणसे जिंकून किंवा हरून घरी बसली असती, तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. त्यांनी पुन्हा मैदानावर जाऊन दुसऱ्यांच्या रॅकेटी धरायला शिकवल्या. मित्रांनो, आपण पेस होऊ की नाही हे आपल्या हातात नाही. कोणाचा तरी जोडीदार होणे मात्र आपल्या हातात आहे, आणि जे शिकलो ते घाटाखालच्या एखाद्या पोराला सांगणेही. परीक्षा संपल्या की मी आमच्या गावच्या शाळेच्या मैदानावर कबड्डीची आखणी करणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे. चुना शाळेने द्यायचे कबूल केले आहे.